कालवडीची गोम

चाकणच्या बाजारात त्या शनिवारी आत्यांनी सहा कालवडींची कपाळं चाचपली. पैसे माझ्या पर्समध्ये होते, पण दलाल बोलत होता भाऊजींशी, भाऊजी बघत होते आत्यांकडे आणि आत्या कुणाकडेच बघत नव्हत्या. उजवा तळवा कालवडीच्या दोन डोळ्यांच्या मध्ये, मधलं बोट केसांच्या भोवऱ्यावर, आणि चेहरा असा की जणू नाडी बघतायत. (आमच्याकडे सासूबाईंना आत्याच म्हणतात.)

आम्ही उरुळी कांचनजवळचे. गोठ्यात तेव्हा सात जनावरं, दूध रोज पहाटे हडपसरला. दोन गाई उतारवयाला लागल्या होत्या आणि लागोपाठ तीन वेतांना खोंडच झाले, म्हणून घरची कालवड उभी राहिली नाही. हे म्हणाले, दुभती गाय आणू. आत्या म्हणाल्या, दुभत्या गाईत दुसऱ्याच्या खोडी विकत घ्याव्या लागतात, कालवड आणा. मला आत्यांचं पटलं. शिवाय दीड वर्षाची कालवड स्वस्त पडते, हे खरं कारण.

भोवऱ्याचं वेड मात्र एकट्या आत्यांचं नव्हतं, माझंही होतं. माझा धाकटा भाऊ कामानिमित्त दोन वर्षं इंग्लंडमध्ये हेरफर्डला होता. तो राहायचा त्या घरामागे कुरण होतं आणि कुरणात त्याच गावाच्या नावाच्या गाई. अंग तांबडं, तोंड पांढरं, कपाळावर कुरळ्या केसांची गादी. तो फोटो पाठवायचा आणि आत्या चष्मा लावून फोन डोळ्यांजवळ धरून भोवरा शोधायच्या. ‘ह्या केसांत कुठं सापडायचा? न्हाव्याकडनं आल्यागत दिसत्यात सगळ्या.’ या जातीची वंशावळीची वही १८४६ पासून छापली जाते. तिचं पांढरं तोंड इतकं जोरकस की दुसऱ्या कुठल्याही गाईला हेरफर्डचा वळू लावला तरी वासराचं तोंड बहुधा पांढरंच निघतं. कुरणाच्या मालकाने भावाला एक गोष्ट शिकवली: कालवड निवडताना पापण्या बघायच्या. डोळ्याभोवती तांबडा रंग असेल तर बरं. नुसती गुलाबी कातडी उन्हाने पोळते आणि या जातीत डोळ्याचा कॅन्सर त्यामुळे जास्त होतो. या गाई दुधासाठी नाही, मांसासाठी पाळतात हे भावाने आत्यांना सांगितलं नाही. मीही नाही.

त्या फोटोंच्या नादाने मी वाचायला लागले. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सुमारे १,५०० जनावरांचा अभ्यास छापला होता. जनावर खोड्यात अडकवलं की किती धडपडतं ते बघायचं आणि कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली ते टिपायचं. भोवरा वर असलेली जनावरं जास्त बिथरली. कारण म्हणून सांगतात ते असं की, कातडी आणि मेंदू गर्भात एकाच थरातून घडतात, त्यामुळे केसांची वळणं आणि स्वभाव यांचा कुठेतरी धागा असावा. पुढे २००४ मध्ये अँगस वळूंवरही काम झालं. गोल, नीट वळलेला भोवरा असलेल्या वळूंचं वीर्य लांबट, विस्कटलेल्या भोवऱ्याच्या वळूंपेक्षा सरस निघालं. मी हे आत्यांना वाचून दाखवलं. त्या शेंगा सोलत होत्या. ‘आमच्या बापाला कोण अमेरिकेला घेऊन गेलं न्हाई, न्हाईतर त्यानं आधीच सांगितलं असतं,’ म्हणाल्या.

आपल्याकडे भोवऱ्याचं शास्त्र आहेच, फक्त त्यात शकुन मिसळलेला आहे. ‘यात एक गोम आहे’ असं आपण येता-जाता म्हणतो. गोम म्हणजे तो शंभर पायांचा किडा आणि गोम म्हणजे जनावराच्या अंगावर त्या किड्यासारखी दिसणारी केसांची रेघही. ती अमुक ठिकाणी असली तर मालकाला लाभ, तमुक ठिकाणी असली तर घात. गंमत म्हणजे एका गावात जी लाभाची तीच शेजारच्या गावात घाताची. बाजारात याचा उपयोग एकच, भाव पाडायला.

तर चाकण. पहाटे चारला टेम्पो निघाला, थेऊर, लोणीकंद करत उजाडताना पोचलो. जानेवारीची थंडी, जनावरांच्या नाकातून वाफा आणि जिकडेतिकडे चुन्याचा आणि शेणाचा वास. बायका मोजून चार-पाच, त्याही बहुतेक चहाच्या गाड्यावर. मी आणि आत्या दावणींमधून फिरायला लागलो तसे लोक बाजूला सरकून वाट देत होते, पण उत्तरं भाऊजींना देत होते. मी विचारायचं, ‘किती महिन्यांची?’ आणि माणूस भाऊजींकडे बघून सांगायचा, ‘सोळा झालेत, अजून आदतच आहे.’ म्हणजे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत.

पहिली आवडली ती शेवंता. हे नाव आम्ही नंतर ठेवलं. काळी-पांढरी, होल्स्टिनचं रक्त भरपूर, अंगाने भरलेली, डोकं मोठं, कपाळ रुंद, मान जाड. भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या दोन बोटं खाली, गोल, जिन्यासारखा वळत गेलेला. मी फोटो काढला आणि फोनवरच दोन डोळ्यांमधून बोटाने रेघ ओढली. भोवरा चक्क खाली. आत्यांनी हात लावला तर तिने पापणीही हलवली नाही. मी तिच्यासमोर छत्री उघडली (हा माझा आगाऊपणा), तरी ती शांत. डोळ्याचा पांढरा भाग दिसतो का तेही पाहिलं. गाय वैतागली किंवा भ्याली की बुबुळाभोवतीचा पांढरा भाग जास्त दिसतो, नॉर्वेतल्या संशोधकांनी हे २००२ मध्ये मोजून दाखवलंय. आत्यांच्या भाषेत ‘डोळं पांढरं करती’. शेवंताचे डोळे काळेभोर, तळ्यासारखे. विकणारा म्हणाला, ‘घरची आहे, लेकरासारखी. कुणीपण दावं धरा.’ दलालाने भाऊजींचा हात टॉवेलखाली घेतला, बोटं दाबली गेली, भाऊजींनी मान हलवली, पुन्हा बोटं. ४६,०००.

दुसरीवर आमचा डोळा नव्हता. ती कडेला बांधलेली, बारीक अंगाची, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका आणि ठिपक्याच्याही वर, जवळजवळ शिंगोटीपाशी, भोवरा. आम्ही जवळ गेलो तशी ती दाव्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि डोळे पांढरे. शेजारचा एकजण न विचारता म्हणाला, ‘भोवरा डोक्यावर गेलाय, मालकाला सुख नाही.’ आत्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला, मग हाताचा वास घेतला आणि तळवा माझ्यापुढे धरला. तळवा तेलाने चकचकत होता. केसांना चमक यावी म्हणून गोडं तेल चोळलेलं. तेल पुसून पाहिलं तर खालचे केस राठ आणि लांब, काळा रंग विटून तांबूस झालेला आणि डोळ्यांभोवती फिक्कट कडं, चष्मा घातल्यासारखं.

तो चष्मा मी ओळखला. तांबं कमी पडलं की काळ्या जनावराचे केस असे विटतात, आणि सगळ्यात आधी डोळ्यांभोवती. उन्हानेही केस तांबूस होतात, पण ऊन चष्मा काढत नाही. पोटही थोडं सुटलेलं, म्हणजे जंत असणार. यातलं काही कायमचं नव्हतं. मी भाऊजींना हळूच म्हटलं, ‘ही घ्या.’ भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, ही लाथ मारून दात पाडंल.’ पण भाव ऐकून तेही थांबले. ३१,००० ला सुटली. तिचं नाव टिकली.

इथे एक गोष्ट कबूल करते. दक्षिण आफ्रिकेतले यान बॉन्स्मा, ज्यांच्या नावावरून बॉन्स्मारा ही गाईंची जात आहे, त्यांचं म्हणणं मी वाचलेलं होतं. गाय वांझोटी निघणार की वेळेवर गाभण राहणार हे तिच्या रूपावरून बरंचसं कळतं, असं ते शिकवत. मादीचं डोकं मादीचं दिसायला हवं: निमुळतं, रेखीव, मान बारीक. कालवड वळूसारखी डोक्याने आणि मानेने भरली असेल तर सावध व्हा. हे मला पाठ होतं. पण शेवंताचं रुंद कपाळ बघून मला ते आठवलं नाही, कारण माझं लक्ष भोवऱ्यावर होतं आणि भोवरा अगदी पुस्तकातला होता.

घरी आणल्यावर दोघींना वेगळं बांधलं, गोचीड काढले, जंताचं औषध दिलं, खनिज मिश्रण सुरू केलं. मी एक वही केली. सरकारी डॉक्टर लाळ्या-खुरकुताची लस टोचायला आले तेव्हा आमच्या आणि शेजारच्या गोठ्यातलं प्रत्येक जनावर सुई लागताना कसं वागतं ते लिहिलं: उभी राहिली, सरकली, झटका दिला, दावं तोडलं. पुढे भोवऱ्याची जागा. डॉक्टर हसले, पण थांबून थांबून टोचत राहिले. वर भोवरा असलेल्या तिघी निघाल्या. त्यातल्या दोघींनी दावं ताणलं, टिकलीने तर खुंटा उपटला. तिसरी आमची म्हातारी गंगी, तिचा भोवरा डोक्यावर आहे आणि ती आयुष्यात कुणावर फुरफुरलेली नाही. वाकून आत्यांचा पदर चघळत लस घेतली तिने. खाली भोवरा असलेल्या जवळजवळ सगळ्या शांत. जवळजवळ म्हणायचं कारण शेजारच्यांची जर्सी, तिने डॉक्टरांच्या मांडीवर लाथ घातली आणि तिचा भोवरा नाकाजवळ आहे.

टिकलीला मी रोज संध्याकाळी खरारा करायचे. पहिले आठ दिवस हात लावला की कातडी थरथरायची, जशी माशी बसल्यावर थरथरते. मग कानामागे खाजवलेलं आवडतं हे कळलं. फेब्रुवारीअखेर केस गळायला लागले, खराऱ्यात मूठ मूठ भरून यायचे. बॉन्स्मांचीच आणखी एक युक्ती मी करून पाहिली: केस ओले करून दोन तळव्यांत चोळायचे. लोकरी, राठ केसांचा नमद्यासारखा गोळा होतो, गुळगुळीत केस सुटे राहतात. पहिल्याला ऊन सोसत नाही, दुसऱ्याला सोसतं. टिकलीच्या जुन्या केसांचा घट्ट गोळा झाला. एप्रिलमध्ये खालून आलेल्या नव्या काळ्या केसांचा झालाच नाही. डोळ्यांभोवतीचा चष्माही उतरला. आमच्या गावाला या गोष्टी नवीन वाटायला नकोत. गांधीजी १९४६ मध्ये उरुळी कांचनला आले, निसर्गोपचार आश्रम निघाला, त्यांचे सहकारी मणिभाई देसाई मागे राहिले आणि १९६७ मध्ये त्यांनी बाएफ ही शेती आणि जनावरांसाठी काम करणारी संस्था उभी केली. संकरित गाय इथल्या घराघरांत पोचली ती तेव्हापासून. पण संकरित गाईचे केस चोळून बघायचे असतात हे मला आमच्या आळीत कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये टिकली माजावर आली. रात्रभर हंबरली, सकाळी निरणातून, म्हणजे शेपटीखालच्या अंगातून, काचेसारखा चिकट सोट लोंबत होता. पहिला माज सोडला, एकवीस दिवसांनी दुसऱ्याला रेतन केलं. खोड्यात तिने दंगा केला, पण गाभण ठरली. एकदाच.

शेवंता माजावर आली नाही. मार्च गेला, एप्रिल, मे. ती खायची, वाढायची, रवंथ करायची. बाजारात जशी होती तशीच गुणी. मी मुका माज असेल म्हणून पहाटे उठून शेपटीखाली बॅटरी मारून सोट शोधायचे. मिश्रण वाढवलं. आत्यांनी मोड आलेले गहू घातले. जूनमध्ये डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आधी तिच्याभोवती एक चक्कर मारली, डोक्याकडे बघितलं, मागे गेले, शेपटी वर केली आणि तिथेच थांबले.

‘ताई, इकडे या. हे केस बघितले होते का?’

निरणाच्या खालच्या टोकाला केसांचा झुपका होता. लांब, राठ, रंगाच्या ब्रशसारखा. इतर कालवडींना तिथे थोडी लव असते, हा चांगला बोटभर. मी पाच महिने शेपटीखाली बॅटरी मारत होते आणि तो मला दिसत होता. मला वाटलं, असतात केस.

डॉक्टरांनी मग हात घालून तपासलं. गर्भाशयाच्या जागी दोरीसारखं काहीतरी, योनीमार्ग असायला हवा त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा. ‘ही जुळ्यातली आहे,’ ते म्हणाले. ‘हिच्याबरोबर खोंड झाला असणार.’

गाईला एक खोंड आणि एक कालवड असं जुळं झालं की पोटात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुतेक वेळा एकमेकींना जोडल्या जातात. खोंडाच्या अंगातली द्रव्यं त्या रक्तातून कालवडीत जातात आणि तिची जननेंद्रियं घडायची थांबतात. अशा दहातल्या नऊहून जास्त कालवडी कायमच्या वांझ असतात. बाहेरून सगळं ठीक. मोठेपणी फक्त डोकं आणि मान थोडी बैलासारखी होते, आणि मागे तो झुपका. म्हणजे डोकं आणि केस दोन्ही बोलत होते. मी एका वितीच्या जागेत भोवरा वाचत बसले होते.

विकणाऱ्याला फोन केला. ‘ताई, जुळं-बिळं आम्हाला काय माहीत,’ म्हणाला. ‘जनावर बाजारात बघूनच घ्यायचं असतं.’ घरची लेकरासारखी कालवड जन्मली तेव्हा एक होती की दोन हे घरच्यांना माहीत नव्हतं म्हणे. मी बरंच बोलले. नंतर तो नंबर लागेना.

रात्री आत्या भाकरी थापता थापता थांबल्या. ‘माझा बाप आधी शेपूट उचलायचा,’ म्हणाल्या. ‘मला ठावं हुतं. पण एवढ्या बाप्यांत शेपूट कशी उचलू?’ भाऊजी तिथेच जेवत होते. त्यांनी ताटातून मान वर केली नाही. जरा वेळाने म्हणाले, ‘माझ्या मनात आलं होतं. पण आई आन् वहिनी दोघी शेजारी उभ्या.’ मी काही बोलले नाही. कारण मलाही लाजच वाटली होती. छत्री उघडायला नाही वाटली. कपाळाचे चार कोनांतून फोटो काढले आम्ही, जनावराच्या सभ्य बाजूचे.

तेव्हापासून शेवंता दावणीला आहे. खाते इतर दुभत्यांएवढं. हे दोनदा म्हणाले, बाजार दाखवून टाकू, जशी आली तशी जाईल. मी दोन्ही वेळा विषय बदलला. नाही म्हणण्याइतकं धैर्य मला तेव्हा नव्हतं, ४६,००० ही आमच्या घरात लहान रक्कम नाही.

दिवाळीनंतर यवतकडचा एक माणूस दारात आला. कुणाकडून तरी कळलं होतं की आमच्याकडे भरलेली कालवड आहे आणि द्यायची आहे. कुणाकडून ते मी विचारलं नाही, हे त्या वेळी उगाच गव्हाण झाडत होते. त्या माणसाने शेवंताच्या कपाळावर तळवा ठेवला, अगदी आत्यांसारखा. ती डोळे मिटून उभी. ‘भोवरा काय झकास आहे, वहिनी,’ तो म्हणाला. ‘लक्ष्मी आहे. गाभण का नाही ठेवली अजून?’

मी मागच्या बाजूला गेले, शेपटी धरून वर उचलली आणि म्हटलं, ‘दादा, इकडून बघा.’

तो आला. बघितलं. मग माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघितलं, आणि कान लाल झाले. हौदावर हात धुतले, ओट्यावर बसून चहा घेतला, पावसाबद्दल दोन शब्द बोलला आणि गाडीला किक मारून निघून गेला. ह्यांनी खराटा भिंतीला टेकवला आणि आत गेले.

आत्या ओट्यावर कप विसळत होत्या. ‘निम्मा चहा ठेवलाय की गं त्यानं,’ म्हणाल्या. ‘साखर जास्त झाली हुती का?’